एकाच चर्चमध्ये दोन तऱ्हेच्या कमानी कशा?

प्रश्न: मुलीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा तिथल्या एका खेड्यातलं जुनं चर्च बघितलं. पाटीवर बारावं शतक लिहिलंय, पण आत एका बाजूच्या कमानी गोल, समोरच्या टोकदार, आणि खिडक्या तर एकीसारखी दुसरी नाही. नंतर कुणी कसंही दुरुस्त केलंय का? आणि अँग्लिकन चर्च तर आठव्या हेन्रीने सुरू केलं ना, मग हे त्याच्या आधीचं कसं?

उत्तर: हेन्रीचं आधी सांगते, ते सोपंय. १५३४ ला तो पोपला बाजूला सारून स्वतः चर्चचा प्रमुख झाला, पण इमारती त्याच राहिल्या आणि गावकरीही तेच. आतला कायापालट जास्त झाला तो त्याचा मुलगा सहावा एडवर्ड १५४७ ला गादीवर आल्यावर, तेव्हा भिंतीवरच्या चित्रांवर सरसकट चुना फासला. गंमत म्हणजे चुन्याखाली काही चित्रं टिकली, ग्लॉस्टरशरमधल्या केम्प्लीला बाराव्या शतकातली आजही बघायला मिळतात.

आता कमानी. १०६६ ला नॉर्मन आले, त्यांच्या कमानी गोल, भिंती जाड, खिडक्या अगदी चिमुकल्या. बारावं शतक संपत आलं तशी टोकदार कमान रुळली. गावाला जागा कमी पडायला लागली की मधल्या दालनाची, म्हणजे नेव्हची, बाजूची भिंत खाली फोडून त्यात कमानी बसवायच्या आणि पलीकडे नवा पाखा काढायचा, वरची जुनी भिंत तशीच. एक पाखा आधी काढला, दुसरा पैसे जमल्यावर चाळीस-पन्नास वर्षांनी, तोवर फॅशन बदललेली! तुम्ही बघितलेलं बहुतेक हेच, म्हणजे दुरुस्ती बिघडलेली नाही, दोन पिढ्यांचं काम आहे ते. या शैलींना नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर अशी नावं रूढ केली ती थॉमस रिकमनने १८१७ च्या पुस्तकात, आणि हा माणूस आधी हिशेबनीस होता बरं का.

अजून एक, वेदीकडचा भाग म्हणजे चॅन्सेल बऱ्याचदा लहान आणि जुनाट राहिलेला दिसतो, कारण तो सांभाळायचा रेक्टरने, म्हणजे चर्चच्या जमिनीचं उत्पन्न घेणाऱ्या धर्मगुरूने, आणि नेव्ह गावाने, अशी वाटणी होती. लोकरीच्या धंद्यात पैसा आला तेव्हा सफोकमधल्या लॅव्हनमसारख्या गावांनी केवढी मोठी चर्चं उभारली, पण रेक्टरला हात सैल सोडायची घाई नसायची (हे माझं मत). ही जबाबदारी रेक्टरच्या त्या जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जायची, त्यावरून वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलोचा खटला २००३ मध्ये पार हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला होता आणि दुरुस्तीचं बिल जमीनमालकांच्याच गळ्यात पडलं.

एक सावधगिरी मात्र, गोल कमान दिसली की लगेच नॉर्मन म्हणू नका. एकोणिसाव्या शतकात जुन्याची नक्कल करून भरपूर काम झालं आणि जुनं खरवडून टाकलं, त्याला वैतागून डिझायनर आणि लेखक विल्यम मॉरिसने १८७७ ला जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली. दगडाच्या कडा फार धारदार आणि सगळे घाव एकसारखे असतील तर मला तरी शंका येते.

पुढच्या खेपेला बाहेरून टॉवरची नेव्हकडची भिंत बघा, छपराच्या वर उलट्या व्हीसारखी तिरपी रेघ दिसली तर ती जुन्या, जास्त उताराच्या छपराची खूण.