आधी पट्टा राख

तुझं पत्र दोनदा वाचलं. नव्या मार्गाचे 2050 सालचे प्रवासी तीन वेळा मोजलेस, तीन वेगळे आकडे आले, म्हणून झोप उडालीय. उडू दे. माझीही उडायची. फरक इतकाच, की मी ज्या आकड्यांपायी जागलो ते आज कुणाला आठवतही नाहीत.

किती फेऱ्या, कुठून कुठे, कशाने, कोणत्या रस्त्याने: या चार टप्प्यांच्या मॉडेलवर माझी उमेदीची वर्षं गेली. लोक कुठे राहतील हे आपण त्यात बाहेरून भरतो, आणि मार्ग झाला की लोक नेमके तिथेच राहायला जातात. हे तुला दिसलं, म्हणून हात अडलाय. मॉडेल फेकून दे असं नाही म्हणत. दोन पर्यायांत बरा कुठला, एवढं ते सांगतं. पण आधी पट्टा राख, म्हणजे पुढच्या मार्गाला लागणारी जमिनीची पट्टी आजच राखीव ठेव.

टोरांटोत 1918 साली दरीवर पूल झाला, प्रिन्स एडवर्ड व्हायाडक्ट. वर रस्ता नि ट्राम, खाली पुढेमागे रेल्वे येईल म्हणून मजला. जादा खर्चावरून टीका झाली. त्या मजल्यावरून मेट्रो धावली 1966 मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षांनंतरचे प्रवासी कुठल्या मॉडेलने मोजले असते, सांग बघू?

आमच्या आराखड्यातही एक पट्टा होता. तीस मीटर रुंद, उपनगरापासून थेट शहराच्या गाभ्यापर्यंत. प्रवासी पुरेसे दिसेनात, तेव्हा आरक्षण उठवायच्या टिपणीवर मी सही केली. त्या वेळच्या आकड्यांनुसार ती बरोबरच होती, बरं का. लोकसंख्या तेवढीच होती, वरून घाई होती, माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. (इतकी वर्षं हेच घोकतोय, म्हणजे मलाच पटलेलं नसणार.) आज तिथे इमारती आहेत. आता जायचं तर भुयारातूनच.

आणि राखणं म्हणजे नकाशावर रंग भरणं नव्हे, तो तुझा गैरसमज तेवढा काढून टाक! ज्याच्या जमिनीवर आपण रेघ ओढतो त्याला धड बांधता येत नाही, धड विकता येत नाही. वीस वर्षं लटकवलंस तर तो कोर्टात जाईल, आणि जावंच त्याने. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा प्रादेशिक आराखडा 1963चा, पण जमिनी विकत घ्यायला लागणारा वेगळा कर त्यांनी 1959 पासूनच लावला होता. 1992 मध्ये तिथे उत्तरेकडची रेल्वे सुरू झाली, तिला फ्रीवेच्या मधोमध जागा मिळाली. पट्टा राख म्हणतो तेव्हा पैशासकट म्हणतो.

वरिष्ठ आकडा 'जरा वर' न्यायला सांगतायत, त्याचं काय करायचं? लेखी माग. बहुधा विषय तिथेच थांबेल. पण सगळा जीव त्या भांडणात घालवू नकोस, मी घालवला. आरक्षण उठवायचे प्रस्ताव विषयपत्रिकेत अगदी तळाशी असतात, सगळे उठायच्या बेतात असतात तेव्हा येतात. पुढच्या बैठकीला जाताना निदान ते शेवटचं पान वाचून जा.