रेणू ओळखतात, पण बांधतात का?

परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या हाती आलेल्या टिपणात वाक्य आहे: 'प्रतिद्रव्य प्रतिजनाला ओळखते आणि त्याला निवडकपणे बांधते.' (प्रतिद्रव्य म्हणजे अँटिबॉडी, शरीर बचावासाठी बनवतं ते प्रथिन; प्रतिजन म्हणजे अँटिजेन, ते ज्याला चिकटतं तो रेणू.) त्यावर वर्गातल्या एका मुलीने विचारलं, डोळे नाहीत, मेंदू नाही, मग ते ओळखतं कसं? तेव्हा 'ओळखणे' काढून 'अभिज्ञान' घालावं का, असं बाईंनी विचारलंय.

बाई, 'अभिज्ञान' नको. त्याने मुलीच्या शंकेचं उत्तर मिळत नाही, उलट पुन्हा विचारायची तिची हिंमत जाईल. 'ओळख' राहू द्या, क्रियापद तेवढं बदला आणि 'ओळख पटते' म्हणा. ओळखायला कुणीतरी ओळखणारा लागतो, ओळख मात्र आपसूक पटते. बोटांचे ठसे जुळले की ओळख पटली, असं आपण म्हणतोच. रेणूंच्या बाबतीत हेच घडतं.

पाण्यात रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात. प्रतिद्रव्याच्या खाचेशी नाना प्रकारचे रेणू येतात आणि बहुतेक सगळे क्षणात निसटतात. एखाद्याचा आकार मात्र खाचेत चपखल बसतो, त्याच्या धन भारासमोर नेमका ऋण भार येतो, चार-दोन हायड्रोजन बंध जुळतात, तेलकट बाजूला तेलकट बाजू भिडून मधलं पाणी बाहेर पडतं. यातलं प्रत्येक आकर्षण एकेकटं दुबळं असतं. पण सगळी एकदम जुळून आली की तो रेणू तिथे टिकतो. म्हणजे आधी ओळखलं आणि मग धरलं, असा क्रम इथे नाहीच. टिकून राहिला, म्हणून ओळख पटली. त्या मुलीला हे जरूर सांगा, तिचा प्रश्न फार चांगला आहे.

एमिल फिशर यांनी १८९४ साली विकरांसाठी, म्हणजे एन्झाइमांसाठी, कुलूप-किल्लीचा दाखला दिला. तो अजून शिकवतात आणि शिकवावाही, पण तेवढ्यावर थांबू नये. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी मांडलं की, रेणू आत येताना खाचही आपला आकार बदलते. हेक्झोकायनेझ या विकरात ग्लुकोज शिरला की विकराचे दोन्ही भाग मिटून ग्लुकोजला आत घेतात. कुलूप असं वागत नाही.

तुमची शाळा परळला आहे, तर 'बॉम्बे रक्तगट' वर्गात आलाच पाहिजे. तो १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात शोधला. लाल पेशींवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्यूकोज ही साखर जोडली की 'एच' प्रतिजन तयार होतो. त्यावर गॅलॅक्टोज ही साखर चढली तर रक्तगट बी, एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामीन ही साखर चढली तर ए, काहीच चढलं नाही तर ओ. ए आणि बी यांच्यात फरक केवढा, तर एका कार्बनवर हायड्रॉक्सिलच्या जागी ॲसिटिल-अमिनो गट! तेवढ्यावरून प्रतिद्रव्याला एक टिकवून धरता येतो, दुसरा नाही, आणि चुकीचं रक्त चढलं तर जिवावर बेततं. बॉम्बे गटात मुळात तो फ्यूकोजच जोडला जात नाही. त्यामुळे अशा माणसाच्या रक्तात 'एच'विरुद्धही प्रतिद्रव्यं असतात, आणि सगळ्यांना चालणारं म्हणून ठेवलेलं ओ रक्तसुद्धा त्याला चालत नाही.

वर्गात करून दाखवायचं असेल तर पुदिन्याची दोन पानं चुरडा आणि शेजारी थोड्या बाळंतशोपा चावून बघायला द्या. दोन्हींत कार्व्होन नावाचा रेणू असतो. अणू तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. तरी नाकातल्या ग्राहींना, म्हणजे वास टिपणाऱ्या प्रथिनांना, दोन्ही सारखे बसत नाहीत, म्हणून वास निराळे.

आता 'बांधते'. माझा खरा आक्षेप या शब्दाला आहे. मराठीत गाय बांधतात, मोट बांधतात, घर बांधतात. 'त्याला बांधते' हे इंग्रजी वाक्याचं शब्दशः रूप आहे, कानाला खटकतं. शिवाय मुलांनी 'बंध' हा शब्द सहसंयुज बंधासाठी, म्हणजे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात त्या पक्क्या जोडणीसाठी, शिकलेला असतो, आणि इथली जुळणी बहुतेकदा तशी नसते, ती सुटूही शकते. म्हणून 'धरते' किंवा 'धरून ठेवते' म्हणा, आणि जोर सांगायचा तर 'पकड' म्हणा. अंड्याच्या पांढऱ्या भागातलं ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला विलक्षण घट्ट धरतं, सहसंयुज बंध नसूनही. अंडं नीट शिजवलं की ॲव्हिडिनची घडी मोडते आणि ती पकडही जाते.

'निवडकपणे'ही नको. निवडक कविता असतात, रेणू काही निवडत नाही. 'नेमकं' हा शब्द तिथे पुरतो. वाक्य असं करा: 'प्रतिद्रव्य नेमक्या प्रतिजनालाच धरून ठेवते; यालाच त्यांची ओळख पटणे म्हणतात.' आणि फळ्यावर मथळा लिहिताना 'रेणूंची ओळख' लिहू नका, मुलांना तो रेणू म्हणजे काय हे सांगणारा पहिला धडा वाटेल. 'रेणूंमधली ओळख' लिहा.