सासऱ्यांनी केलं तेच हे पण करतील का?

प्रश्न : मॅडम, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, साडेचार एकर कोरडवाहू. मिस्टर ११ वर्षांचे असताना सासऱ्यांनी आत्महत्या केली, तेव्हाही कर्जच होतं. सासरे ४३ चे होते, यांना यंदा ४३ लागलं. सोयाबीनला हमीभाव पण मिळाला नाही, सोसायटीचं कर्ज थकलंय. रात्री सासऱ्यांचं जुनं पासबुक काढून बसतात, परवा म्हणाले मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं. हे रक्तातच असतं का? विचारायची भीती वाटते, विचारलं आणि डोक्यात भलतंच आलं तर?

उत्तर : ताई, आधी शेवटचं सांगते कारण ते आजच करायचंय. विचारल्याने असा विचार डोक्यात येत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" ऐकून तुम्हाला रडू आलं तरी चालेल, फक्त "काहीतरीच काय बोलता" म्हणून विषय बंद करू नका.

रक्ताचं म्हणाल तर घरात आत्महत्या झालेली असली की धोका वाढतो हे खरं, थोडा भाग आनुवंशिकही असतो, पण म्हणून काही ठरलेलं नसतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगोला १७ हजारांवर लोकांना लहानपणाबद्दल विचारलं होतं, मारहाण, छळ, घरातलं दारूचं व्यसन, घरात कोणी आत्महत्येचा प्रयत्न केलेला, असं सगळं. ज्यांनी हे जास्त भोगलं त्यांच्यात पुढे आत्महत्येचे प्रयत्नही जास्त दिसले. लहान वयात सतत धास्तीत राहिलेलं शरीर मोठेपणी ताण आला की लवकर हादरतं. शेजाऱ्यावर तेवढंच कर्ज असेल आणि तो तग धरून असेल, म्हणून तुमचे मिस्टर कमजोर ठरत नाहीत, ते दोन ओझी वाहतायत. त्यात बापाचं वय गाठलं, ते वर्ष अशा काही मुलांना फार जड जाऊ शकतं.

फवारणीची औषधं आजच घरातून हलवा, भावकीत कोणाकडे तरी कुलपात ठेवायला द्या. ती वाईट घटका बऱ्याचदा टळून जाते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसावं. त्यांना एकटं सोडू नका. १४४१६ वर फोन लावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठी पण लावू शकता. आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन जा, सोबत जा.

आज रात्री पासबुक काढलं की शेजारी जाऊन बसा आणि बाबा कसे होते ते विचारा. ३२ वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नसेल.