तळ्याचे पाणी, पोषकद्रव्ये आणि जिवाणू

तळी आणि साठवणीच्या टाक्यांविषयी येणाऱ्या पत्रांत त्याच शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : पाणी नितळ दिसते. त्यात जिवाणू नसतील ना?

उत्तर : असतात, नितळ तळ्याच्या एका मिलिलिटर पाण्यातही त्यांची संख्या लाखांच्या घरात असू शकते, म्हणून पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे प्रयोगशाळेकडूनच ठरवून घ्यावे.

प्रश्न : टाकीत शुद्ध केलेले पाणी असूनही आतून बुळबुळीत थर का धरतो?

उत्तर : हा थर जिवाणूंचा असतो, आणि त्यांना फार थोडे अन्न पुरते. क्लोरीन नसलेल्या पाण्यात सहज वापरता येणारा सेंद्रिय कार्बन लिटरमागे सुमारे १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल, तरच त्यांची वाढ आटोक्यात राहते. काही ठिकाणी कार्बन पुरेसा आणि फॉस्फरस तोकडा असतो. तेथे जिवाणू वाढायला फॉस्फरसची किंचित भरही पुरते.

प्रश्न : तळे हिरवे पडले आहे. ‘उपयुक्त जिवाणूंची’ पावडर टाकल्यास पाणी महिन्याभरात स्वच्छ होईल, असे विक्रेता सांगतो. टाकावी का?

उत्तर : टाकू नये. हा हिरवा थर बहुधा सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे जिवाणूंचाच असतो, आणि तो वाढतो तो मुख्यतः फॉस्फरसवर. कॅनडातील २२६ क्रमांकाच्या सरोवराचे १९७३ मध्ये पडदा लावून दोन भाग केले होते. दोन्हींत कार्बन व नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकातच, आणि तेवढाच भाग हिरवागार झाला. सायनोबॅक्टेरियाच्या काही जाती नायट्रोजन हवेतून घेतात. फॉस्फरसला तशी वाट नाही, आणि पाण्यातून हवेत निघून जाण्याचीही नाही. पावडरीतल्या जिवाणूंनी तो शोषला, तरी ते मेल्यावर तो पुन्हा पाण्यात उतरतो. मोरचूद टाकण्याचा ऐकीव सल्ला तर याहून घातक आहे : सायनोबॅक्टेरियाच्या पेशी फुटून त्यांतले विष पाण्यात मिसळते, मेलेला थर कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात, मासे मरतात, आणि तळाशी प्राणवायू उरला नाही की गाळातल्या लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पुन्हा वर येतो. विक्रेत्याकडे आधीच्या व नंतरच्या एकूण फॉस्फरसचे अहवाल मागा. सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे खत प्रथम अडवा. ‘पुढच्या हंगामात पाहू’ म्हणत घालवलेल्या प्रत्येक वर्षी गाळातला साठा वाढतो आणि तो काढणे अधिक अवघड होते. पुढचा उपाय सरोवरतज्ज्ञांनी पाणी व गाळ तपासल्यावरच ठरवावा.

प्रश्न : असे हिरवे पाणी उकळून प्यावे का?

उत्तर : मुळीच नाही. सायनोबॅक्टेरियाची मायक्रोसिस्टिनसारखी विषे उकळल्याने नष्ट होत नाहीत. जनावरांनाही ते पाजू नये, आणि कोणी प्यायले असल्यास लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.