मुलाचं सिमकार्ड बाबांच्या फोनमध्ये

"मुलगा शिकायला परदेशी चाललाय, त्याचा इथला मोबाइल नंबर आमच्याकडेच ठेवू का?" पावसाळा अर्ध्यावर आला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या सल्ला केंद्रात कुणी ना कुणी पालक हे विचारतातच. माझं उत्तर ठाम असतं: नका ठेवू.

घोडबंदर रोडवरचं एक कुटुंब आठवतं. मुलगा मास्टर्ससाठी जर्मनीला गेला आणि त्याचं सिम बाबांनी आपल्या फोनमध्ये घातलं. फोरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन भरलेल्या कार्डावर, ऑनलाइन काहीही घ्यायचं तर ओटीपी ठाण्यात यायचा. हिवाळ्यात तिथल्या-इथल्या वेळेत साडेचार तासांचं अंतर. तिथे रात्रीचे नऊ वाजले की इथे दीड. बाबा फोन उशाशी घेऊन झोपायचे, आणि प्रत्येक ओटीपीमागून प्रश्न यायचा, "कशाला लागले पैसे?" पोरानं हळूहळू घरी फोन करणंच कमी केलं. आई माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "तो आमच्यापासून तुटलाय."

बाबा संशयी नव्हते. घर तारण ठेवून कर्ज काढलेल्या माणसाची ती धास्ती होती, आणि ती मला खरी वाटते. म्हणून आधी तिच्याबद्दल बोललो. जर्मनीत विद्यार्थ्याचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये असतात आणि दरमहा ठरावीकच रक्कम हातात येते. सप्टेंबर २०२४ पासून ती ९९२ युरो आहे. एका झटक्यात सगळे उडवायची सोयच नाही. हे बाबांना माहीत होतं, पण कागदावर. मुलाला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि ठरलं की महिन्याचा हिशोब रविवारी एकदाच, तोही त्यानं आपणहून सांगायचा. मधे विचारणा नाही.

दुसरी गोष्ट मी जरा कडक शब्दांत सांगितली. ज्या घरात ओटीपी फोनवरून सांगायची सवय लागते, तिथे उद्या कुणा भामट्यानं मुलाच्या नावानं मागितला तरी तो दिला जातो.

जानेवारीत ठाण्याहून निघालेल्या एका विद्यार्थ्याबरोबर सिम मुलाकडे पोहोचलं. रोमिंग चालू, पण मोबाइल डेटा तिथल्या सिमवर. परदेशात नुसत्या येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. मात्र प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर बंद होऊ शकतो, आणि पुढे दुसऱ्याच कुणाला दिला जातो. त्यामुळे रिचार्जची जबाबदारी बाबांनी घेतली.

बँकेचा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. परकीय चलनाच्या नियमांत रिझर्व्ह बँक शिकायला गेलेल्या मुलांनाही अनिवासी मानते. म्हणजे इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. त्यात इथे राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला जोडखातेदार करता येतं, 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीनं, म्हणजे पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्यानंच करायचे. आणि इथल्या व्यवहारांपुरतं घरच्यांना मुखत्यारपत्र देता येतं. पैशांवर घरच्यांचा हात हवा असेल तर हा त्याचा सरळ रस्ता. त्यासाठी मुलाचं सिम अडकवून ठेवायची गरज नाही.

ज्यांची मुलं आता निघणार आहेत त्यांनी बँकेची ही कामं मुलगा इथे असतानाच उरकावीत, कारण नंतर एकेका सहीसाठी कागद समुद्रापार फिरतात. आणि रोमिंग विमानात बसायच्या आधी सुरू झालंय का, ते त्याच्याच हातून तपासून घ्यावं.