एका वर्षात एक नामवंत चेहरा : ही अट आधी मागे घ्यावी

पत्राचा आशय असा : कराडच्या एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या वडिलांची मुलगी वाणिज्य शाखेतून ८१ टक्के गुण मिळवून बारावी झाली आहे. मराठी मालिकांच्या जाहिरातींसाठी आणि फलकांसाठी कलाकारांची जी छायाचित्रे काढली जातात, ते काम तिला करायचे आहे. वडिलांनी तिला एका वर्षाची मुदत दिली असून त्या वर्षात तिने एखाद्या नामवंत कलाकाराचे छायाचित्र स्वतः काढून दाखवावे, अन्यथा बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षांना बसावे, अशी अट घातली आहे. सेटवर प्रवेश मिळवून देणारे ‘कार्ड’ करून देतो असे सांगून एका एजंटाने ६० हजार रुपये मागितले आहेत आणि ते द्यावेत की नाही, असे वडील विचारतात. सोबत मुलीने काढलेली सहा छायाचित्रे जोडली आहेत.

सप्रेम नमस्कार,

आपल्या मुलीच्या गुणांची काळजी करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. मला काळजी वाटते ती आपल्या अटीची. तिला सरळ नकार न देता आपण संधी दिली, असे आपल्याला वाटत असणार, आणि त्यामागचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु या अटीमुळे ती सध्या काय करते आहे, ते आपणच पत्रात लिहिले आहे. सुट्टीच्या दिवशी ती साताऱ्याला किंवा कोल्हापूरला जाते, एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाला कलाकार येणार असेल तर दोन-दोन तास गर्दीत उभी राहते, धक्के खाते आणि मिळेल त्या फटीतून कॅमेरा वर धरते. फोटोग्राफर होण्यासाठी दिलेल्या वर्षात आपण तिला सेल्फी घेणाऱ्यांच्या रांगेत उभे केले आहे. वर्ष संपल्यावर तिच्याजवळ एखादा नामवंत चेहरा असेलही, पण ती काही शिकलेली नसेल.

तिची सहा छायाचित्रे मी नीट पाहिली. पाचांमध्ये मालिकांतले ओळखीचे कलाकार आहेत, आणि पाचही छायाचित्रे सामान्य आहेत : मागे दुकानाचा फलक, डोक्यावरून पडणाऱ्या दिव्यांमुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या आणि प्रत्येकाची नजर भलतीकडे. सहावे छायाचित्र एस.टी.च्या एका महिला कंडक्टरचे आहे. खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड तिच्या गालावर आणि तिकिटाच्या यंत्रावर पडला आहे, चेहऱ्याची दुसरी बाजू सावलीत आहे तरी डोळा हरवलेला नाही, आणि दिवसभराच्या कामानंतरचा तिचा करडा कंटाळा स्पष्ट दिसतो. हे छायाचित्र काढणाऱ्या मुलीला चेहरा वाचता येतो. आपल्या अटीप्रमाणे मात्र याच छायाचित्राला शून्य गुण मिळतात, कारण त्या बाईंना कोणी ओळखत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, आणि तो केवळ आपला नाही. कलाकारापर्यंत पोहोचणे हाच या कामातला अवघड भाग आहे, पोहोचल्यावर चांगले छायाचित्र आपोआप मिळते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात व्यावसायिक फोटोग्राफरला कलाकार वाहिनी किंवा निर्मिती संस्थाच उपलब्ध करून देते, त्यामुळे पोहोचण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नसतोच. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. बारा-बारा तासांच्या पाळीत दोन दृश्यांच्या मध्ये मिळालेल्या थोड्या मिनिटांत, सकाळपासून मेकअप चढवून बसलेल्या आणि मनाने पुढच्या दृश्यात असलेल्या माणसाकडून, आधीच ठरलेल्या मापाचे, ठरलेल्या भावाचे छायाचित्र मिळवायचे असते. शिवाय ते त्या कलाकाराचे नसते, त्याने रंगवलेल्या पात्राचे असते. आठवड्यातले पाच-सहा दिवस घराघरांत दिसणाऱ्या सुनेचे कुंकू मालिकेत गोल आणि फलकावर लांबट दिसले, तर ते घरी बसलेल्या प्रेक्षकाच्या लगेच लक्षात येते.

ही कारागिरी कशाची बनलेली असते, हे आपल्याला माहीत असावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. नथ घातलेल्या अभिनेत्रीवर वरून कडक प्रकाश टाकला की नथीची सावली ओठावर पडते, म्हणून मुख्य दिवा किती खाली आणावा, दिव्याचा प्रकाश मऊ करणारा सॉफ्टबॉक्स किती जवळ घ्यावा आणि हनुवटीखाली प्रकाश परतवणारे पांढरे थर्माकोल किती अंतरावर धरावे, याचा विचार कलाकार खुर्चीवर बसण्यापूर्वीच झालेला असावा लागतो. पैठणीची जर फ्लॅशखाली पांढरीफटक होते आणि तिचा सोनेरी रंगच निघून जातो. काही पावडरी डोळ्यांना अजिबात दिसत नाहीत, परंतु फ्लॅश पडताच चेहऱ्यावर पिठासारख्या उमटतात, त्यामुळे मेकअप करणाऱ्या दादांशी आधी बोलावे लागते. कुटुंबाच्या मालिकेत दहा-बारा पात्रे एका फलकावर दिसतात, पण अनेकदा ती सगळी एका वेळी एकत्र आलेलीच नसतात, कारण त्यांच्या तारखा जुळत नाहीत. सासूबाई सोमवारी आणि थोरला मुलगा गुरुवारी येतो. म्हणून कॅमेऱ्याची उंची, लेन्स, कलाकारापासूनचे अंतर आणि दिव्यांच्या जागा वहीत टिपून, जमिनीवर टेपने खुणा करून ठेवाव्या लागतात, नाहीतर पुढे संगणकावर माणसे जोडताना एकाच्या नाकाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याच्या उजवीकडे जाते. त्यात मालिकेचे नाव आणि प्रसारणाची वेळ यांसाठी जागा मोकळी सोडायची, आणि तेच छायाचित्र रस्त्यावरच्या आडव्या फलकावर, मोबाइलच्या उभ्या पडद्यावर आणि अॅपमधल्या बोटभर चौकटीत चालले पाहिजे, हेही पाहायचे. यांतले काहीही उद्घाटनाच्या गर्दीत शिकता येत नाही, आणि जवळजवळ सगळे घरच्या माणसांवर शिकता येते.

आपल्याला उदाहरण हवे असेल तर गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे देतो, कारण व्यक्तिचित्रण म्हटले की मराठी माणसाला पहिले नाव तेच आठवते. ते रसायनशास्त्राचे पदवीधर होते, काही काळ त्यांनी शिकवले आणि मग लिंटास या जाहिरात संस्थेत अनेक वर्षे नोकरी केली. १९८० च्या सुमारास ते तारे-तारकांची छायाचित्रे काढू लागले, पण पूर्ण वेळ या व्यवसायात उतरायला त्यांना १९८७ साल उजाडले. आपली एक वर्षाची मुदत त्यांना लावली असती, तर ते जाहिरात संस्थेतल्या नोकरीतच राहिले असते.

शिक्षणाचे मार्ग थोडक्यात सांगतो : उपयोजित कलेच्या पदवी अभ्यासक्रमात छायाचित्रण शिकता येते, त्यासाठी सीईटी द्यावी लागते आणि बारावीची शाखा आड येत नाही, पुण्याच्या एफ.टी.आय.आय. या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचे लघु अभ्यासक्रम आहेत, आणि कोणत्याही शाखेची पदवी झाल्यावर एन.आय.डी. या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर येथील छायाचित्रणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचाही विचार करता येईल. बी.कॉम. करू नये, असे मी म्हणत नाही. या व्यवसायात देयके महिनोन्‌महिने थकतात, तेव्हा हिशेब कळणारा फोटोग्राफर तग धरतो. फक्त ते तिला शिक्षा म्हणून देऊ नये.

करारही वाचता यायला हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर त्या छायाचित्राची पहिली मालकी मोबदला देऊन ते काढून घेणाऱ्याची असते, फोटोग्राफरची नव्हे. म्हणजे तिने काढलेल्या छायाचित्राचा फलक गावभर लागला, तरी ते स्वतःच्या पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात, दाखवण्याची परवानगी तिने आधी लेखी घेतलेली असावी लागेल. अनेक चांगल्या फोटोग्राफरांना हे फार उशिरा कळते.

तेव्हा माझा सल्ला असा. नामवंत चेहऱ्याची अट रद्द करावी आणि मुदत निदान तीन वर्षांची, म्हणजे बी.कॉम.च्या पदवीइतकी ठेवावी. या काळात तिने कराडमध्येच घरातील, शेजारच्या आणि बाजारपेठेतील माणसांना समोर बसवून छायाचित्रे काढावीत. प्रत्येकासाठी एक खिडकी, एक थर्माकोल आणि पंधरा मिनिटे, यापेक्षा अधिक काही घेऊ नये. महागड्या कॅमेऱ्याची घाई नको. तिच्या साध्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची एक लेन्स पुरेशी आहे, कारण चेहऱ्याला फार जवळ गेल्यावर नाक मोठे दिसते आणि या लेन्समुळे तिला मागे सरकावेच लागेल. सावळ्या चेहऱ्याला संगणकावर उजळ करण्याची सवय तिने लावून घेऊ नये. पुण्यामुंबईचे काही दिग्दर्शक आता त्याला कंटाळले आहेत, आणि ते कंटाळले नसते तरी मी हेच सांगितले असते.

दुसऱ्या वर्षापासून सुट्ट्यांमध्ये पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या अनुभवी फोटोग्राफरकडे तिने सहायक म्हणून काम करावे. सुरुवातीला स्टँड उचलणे, केबल गुंडाळणे, वाळूच्या पिशव्या लावणे आणि प्रकाश जुळेपर्यंत कलाकाराच्या जागी स्वतः बसून राहणे, एवढेच वाट्याला येईल. पैसे अगदी थोडे मिळतील. हे काम आपल्याला कमीपणाचे वाटेल, अशी मला भीती आहे, कारण पत्रात आपण ‘हमाली’ हा शब्द वापरला आहे. तो शब्द कृपया तिच्यासमोर वापरू नये. दिवे कोठे आणि का ठेवले जातात, हे सर्वांत जवळून त्या जागी बसणाऱ्यालाच दिसते. जिथे ती राहील आणि काम करील, ती जागा पाहायला मात्र आपण एकदा स्वतः जाऊन यावे. एवढी चौकशी करण्याचा आपला हक्क आहे.

राहिले ते ६० हजार रुपये. पैसे घेऊन असे कार्ड विकणारा माणूस तिला शूटिंगच्या फाटकापर्यंत नेऊन सोडील, आणि आतल्या कोणाला तिचे नावही माहीत नसेल. अशी छायाचित्रे काढणाऱ्या स्टिल फोटोग्राफरला वाहिनी किंवा निर्माता बोलावतो आणि त्याच्या कामाचे पैसे देतो, कामाला येण्यासाठी त्याच्याकडून पैसे घेत नाही. एक रुपयाही देऊ नये. एजंटाला नकार आजच कळवावा, आणि तो फोन मुलीच्या देखत करावा.