वाचकांचे प्रश्न: तापणारं इंजिन, उतरणारी बॅटरी, वाढणारं ऑइल

प्रश्न: गाडी पेट्रोलची, सात वर्षं जुनी. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर असतो. गर्दीत पाच-दहा मिनिटं अडकलो की तो वर चढतो आणि वेग घेतला की पुन्हा खाली येतो. गॅरेजमध्ये रेडिएटर बदलायला सांगतात. बदलू का?

उत्तर: इतक्यात नको. काटा नेमका कधी चढतो हे तुम्ही लिहिलंत, त्यातच निम्मं निदान झालं. गाडी ताशी ५०-६० किमीने पळताना समोरून येणारा वाराच रेडिएटर गार ठेवतो. उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. वेगात काटा जागेवर राहतो, म्हणजे वॉटर पंप, थर्मोस्टॅट (कुलंटची वाट तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटर बहुधा आपापलं काम करताहेत. संशय घ्यायचा तो पंख्यावर आणि त्याच्या वायरिंगवर. गर्दीत ठीक आणि चढावर किंवा वेगात काटा वर, असं असतं तर आतून चोंदलेल्या रेडिएटरकडे किंवा थर्मोस्टॅटकडे आधी बघितलं असतं.

आता तपासणी. इंजिन चालू करून एसी लावा आणि बॉनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरू लागतो. हात आणि सैल कपडे लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो. फिरलाच नाही तर पंख्याचा फ्यूज बघा. मग त्याचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) काढून त्याच क्रमांकाचा दुसरा, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून बघा. तरीही हालचाल नसेल तर मेकॅनिकला मोटरचा सॉकेट सोडवून तिला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्यायला सांगा, मधे फ्यूज घालून. न फिरल्यास मोटर गेली. फिरल्यास दोष वायरिंगमध्ये. एसीवर पंखा फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असं दिसलं तर तापमानाचा सेन्सर तपासा. दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगाचा रेझिस्टर जळण्याचा प्रकारही नेहमीचा: पंखा बराच उशिरा आणि एकदम जोरात सुरू होतो.

पंखा व्यवस्थित फिरत असूनही काटा चढत असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा. तिथे धूळ, पानं, किडे यांचा थर बसतो आणि तो समोरून दिसत नाही. इंजिन गार असताना आतल्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशरचं पाणी मारलं की पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

कुलंटची पातळी गार इंजिनावर बघायची. कमी असेल तर उत्पादकाने सांगितलेलंच कुलंट वापरा. मिसळून घ्यायचं असेल तर साधारण निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो, आणि तसं झालं की आज चांगला असलेला रेडिएटर खरोखरच बदलावा लागेल. वरचेवर कुलंट घालावं लागत असेल आणि गळती कुठेच दिसत नसेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचा भाग यांच्यामधल्या सीलची) तपासणी लांबवू नका.

दुरुस्ती होईपर्यंत गर्दीत काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. हीटरचा कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो बरीच उष्णता आत ओढून घेतो. गाडीत बसवणार नाही, पण इंजिन वाचतं. काटा लाल पट्ट्याकडे गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास रेडिएटरच्या किंवा कुलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं कुलंट शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो, ते क्षणात उकळतं आणि तोंडावर उसळतं.

प्रश्न: बॅटरी आठ महिन्यांपूर्वी नवी घातली. रोज गाडी काढली तर काही त्रास नाही. तीन-चार दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करतो. बॅटरीच खराब निघाली का?

उत्तर: असेलही, पण आधी मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर चार्ज करतोय. नव्या गाड्यांत अल्टरनेटर कंप्युटर चालवतो, तिथे आकडा थोडा खालीवर होतो.

दोन्ही ठीक असतील तर उभ्या गाडीत कोणीतरी वीज पितंय. निगेटिव्ह टर्मिनल काढून केबल आणि टर्मिनल यांच्यामधे मीटर १० अँपिअरच्या जागी लावा. दारं बंद, किल्ली लांब, आणि कंप्युटर झोपी जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबा. इथेच घाई होते आणि चांगल्या गाडीतही दोष सापडल्यासारखा वाटतो. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ५०० दिसले तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले, आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ रिकामी. तुमची तक्रारही तीच आहे. मग एकेक फ्यूज काढत जा; ज्याच्या वेळी आकडा पडतो, त्या सर्किटवर चोर आहे. बहुतेकदा बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टिम निघते, नाहीतर डिकीतला न विझणारा दिवा. बॅटरी पूर्ण उतरणं जितक्या वेळा घडेल तितकं तिचं आयुष्य कमी होतं, म्हणून नवी घालण्याआधी हा शोध घ्याच.

प्रश्न: डिझेल गाडीचं इंजिन ऑइल कमी व्हायच्या ऐवजी डिपस्टिकवर वर सरकतंय. चांगलंच ना?

उत्तर: नाही, आणि याकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या गाडीला डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्यात साठलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. रोजचा प्रवास दोन-तीन किमीचाच असेल तर हे काम अर्ध्यात तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. आणि न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग घासतात. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळण्याचा धोका असतो, आणि मग किल्ली बंद करूनही ते थांबत नाही.

सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि हुंगा. डिझेलचा वास आला किंवा पातळी कमाल खुणेच्या वर असली तर गाडी न चालवता ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमी राखेच्या प्रतीचंच घ्या, साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची अडकते. त्यानंतर आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटं सलग, २,००० आरपीएमच्या वर गाडी चालवा. उभी असताना आयडलिंग वाढलेलं वाटलं किंवा गरम वास आला तर जळण चालू आहे, तेव्हा इंजिन बंद करू नका. ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र मामला वेगळा: त्यात कुलंट शिरलंय, गाडी टो करूनच न्या.

प्रश्न: टायरवर ५१ पीएसआय लिहिलंय, दाराच्या पट्टीवर ३३. कोणतं खरं?

उत्तर: पट्टीवरचं. टायरवरचा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजा. चालवून तापलेल्या टायरचा दाब चार-पाच पीएसआय जास्त दिसतो, तेवढी हवा काढलीत तर गार झाल्यावर टायर कमी पडेल. माणसं आणि सामान भरून जाणार असाल तर त्याच पट्टीवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वापरा. स्टेपनीचा दाबही त्याच वेळी बघून घ्या.